न दिलेली ओव्हर

रुग्णालयात पाळी बदलते तेव्हा रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला बरोबर घेऊन एकेका खाटेपाशी थांबते. या आजोबांचा ऑक्सिजन पहाटे खाली गेला होता, पालथे झोपवल्यावर सुधारला. यांची सलाईन तासाभरात संपेल. या बाई कालपासून जेवलेल्या नाहीत, त्यांच्याशी जरा बोलत राहा. दवाखान्याच्या बोलीत याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात. ओव्हर दिल्याशिवाय पाळी संपली असे कोणी धरत नाही. केसपेपरवर न मावणारे पुष्कळ काही या दहा-पंधरा मिनिटांत एकीकडून दुसरीकडे जाते आणि रुग्णाचा पुढचा दिवस त्यावर उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पाळी संपली. पण ज्यांनी ती केली त्या परिचारिका, आरोग्यसेविका, आशाताई, वॉर्डबॉय, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक आणि डॉक्टर यांच्याकडून ओव्हर कोणी घेतली नाही. आपण टाळ्या वाजवल्या, ‘कोविड योद्धा’ अशी प्रमाणपत्रे वाटली आणि विषय मिटवला. माझे म्हणणे एवढेच, की या माणसांच्या अनुभवात पुढच्या साथीला लागणारी माहिती साठलेली आहे. ती विचारून, लिहून, जपून ठेवली नाही तर पुढची साथ आपल्याला पुन्हा कोऱ्या पाटीने गाठेल. आणि हे काम सेलूसारख्या तालुक्याच्या गावी सर्वांत आधी व्हायला हवे.

सेलू हे सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावरचे परभणी जिल्ह्यातले गाव. कापसाची बाजारपेठ, नूतन विद्यालयासारखी जुनी शाळा आणि आसपासच्या खेड्यांतून बाजाराला, कचेरीला, दवाखान्याला रोज येणारी माणसे. कोविडच्या बातम्या मात्र आपण ऐकल्या त्या बहुतेक मुंबई-पुण्याच्या : धारावी, जम्बो रुग्णालये, मोठमोठे अतिदक्षता विभाग. तालुक्याच्या गावची साथ निराळी होती. आपल्या सरकारी आरोग्यसेवेची रचना उतरंडीची आहे. साधारण पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि गंभीर रुग्णासाठी जिल्ह्याचे ठिकाण. सेलूहून परभणी सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. त्या काळात जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते २०२३ मध्ये सुरू झाले. सुरुवातीच्या दिवसांत जिल्ह्यातले स्वॅब तपासणीसाठी नांदेडला, औरंगाबादला जात आणि अहवाल येईपर्यंत रुग्ण, त्याच्या घरचे आणि त्याची शुश्रूषा करणारे सगळेच टांगणीला लागत. अशा ठिकाणी सर्वांत अवघड प्रश्न असतो तो रुग्णाला वर कधी पाठवायचे हा. आत्ताच पाठवायचे, की आणखी चार तास इथेच सांभाळायचे? रुग्णवाहिका एक आणि रुग्ण दोन असतील तर आधी कोणाला? परभणीत खाट मिळेल याची खात्री नसताना नातेवाइकांना काय सांगायचे? वरून येणाऱ्या मार्गदर्शक सूचनांत या प्रश्नांची अर्धीच उत्तरे असतात. उरलेली अर्धी तालुक्यातल्या कर्मचाऱ्यांना रोजच्या रोज शोधावी लागली, आणि ती अजून त्यांच्याच डोक्यात आहेत.

हा अनुभव नेमका कशाचा बनलेला आहे, ते जरा बारकाईने पाहू. पीपीई किटच घ्या. छायाचित्रांत तो पांढरा पोशाख शौर्याचा गणवेश वाटे. आत असलेल्या माणसासाठी तो मराठवाड्याच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात हवा न जाणारा प्लास्टिकचा सदरा होता. एकदा घातला की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघवी नाही. मासिक पाळीच्या दिवसांत परिचारिकांचे काय होत असेल याचा विचार किट बनवणाऱ्यांनी केलेला नव्हता. चष्म्यावर वाफ धरे आणि दुहेरी हातमोज्यांतून शीर सापडत नसे. सगळे सारखेच दिसत म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहावे लागे. वृद्ध रुग्णाला बोलणाऱ्याचे ओठ दिसत नसत, त्यामुळे त्याला निम्मे ऐकूच येत नसे आणि आजूबाजूला माणसे असूनही तो घाबरून जाई. यातली प्रत्येक गोष्ट तक्रार म्हणून ऐकली तर दोन मिनिटांत विसरली जाते. माहिती म्हणून ऐकली तर तिच्यातून पाळी किती तासांची असावी, किट कोणत्या मापाचे आणि कापडाचे असावे, कक्षात बोलण्यासाठी कोणती सोय हवी, हे ठरवता येते. तीच गोष्ट घराची. विलगीकरणाचा नियम स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र स्वच्छतागृह गृहीत धरतो. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या कंत्राटी परिचारिकेला किंवा वॉर्डबॉयला तो कसा पाळता येणार होता? लहान लेकरू, सासू-सासरे, दारात उभा राहून जाब विचारणारा घरमालक, या सगळ्यांसह त्यांनी वाट काढली. ती वाट कशी निघाली आणि कुठे निघाली नाही, हे त्यांच्याशिवाय दुसरे कोणीच सांगू शकत नाही.

दुसऱ्या लाटेची आठवण यापेक्षाही महत्त्वाची. २०२१ च्या फेब्रुवारीत विदर्भातून उसळलेली ही लाट एप्रिलपर्यंत राज्यभर पसरली आणि या वेळी खेडीही सुटली नाहीत. ‘स्कोअर किती आला?’, ‘ऑक्सिजन किती आहे?’ हे प्रश्न तेव्हा पारावर आणि एसटी स्थानकावर ऐकू येऊ लागले. छातीच्या सीटी स्कॅनवरचा पंचवीसपैकीचा आकडा म्हणजे जणू परीक्षेचा निकाल झाला. त्या आकड्यामागोमाग रेमडेसिवीरची चिठ्ठी आणि ते इंजेक्शन मिळवण्यासाठी रात्रंदिवसाची धावाधाव. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच, रुग्णालयातील रुग्णांना हे औषध सरसकट देऊ नये असा सल्ला दिला होता, कारण त्याने जीव वाचत असल्याचा पुरेसा पुरावा त्या वेळी नव्हता. हा सल्ला आणि खाटेशेजारी हात जोडून उभा असलेला मुलगा, यांच्यामध्ये उभी होती ती परिचारिका आणि तो कनिष्ठ डॉक्टर. ऑक्सिजन वेळेवर मिळणे, रुग्णाला पालथे झोपवणे, त्याच्या पोटात चार घास जाणे, या साध्या गोष्टींचा उपयोग ते डोळ्यांनी पाहत होते. बाहेर लोकांचा विश्वास मात्र महागड्या कुपीवर बसला होता. अफवा कशी पसरते, माणूस कोणत्या शब्दांनी शांत होतो, कोणाचे ऐकतो, हे या लोकांनी जितके पाहिले तितके कोणत्याही प्रचार मोहिमेला कळलेले नाही. पुढच्या साथीत औषधाइतकीच गरज लागेल ती या ज्ञानाची.

आपण हे नोंदवले नाही, असे मी म्हणतो तेव्हा त्याला आधार आहे. या साथीत जगभर किती आरोग्य कर्मचारी मृत्युमुखी पडले? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ८०,००० ते १,८०,०००. दोन टोकांमधले अंतर पाहा : एक लाख माणसे. इतक्या मोठ्या फरकाचा अर्थ असा, की बहुतेक देशांनी आपल्या गेलेल्या कर्मचाऱ्यांची नीट मोजदादच केली नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडने बाधित आणि मृत झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची आकडेवारी केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, असे उत्तर राज्यसभेत देण्यात आले. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने तोवर गेलेल्या ३८२ डॉक्टरांची यादीच प्रसिद्ध केली. डॉक्टरांना निदान यादी करणारी संघटना होती. परिचारिका, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक यांच्यासाठी अशी यादी कोणी करायची? मार्च २०२० मध्ये सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर केले, ही चांगली गोष्ट होती. पण ते मिळवायचे तर कागद लागतो. नवी मुंबईत खासगी दवाखाना चालवणारे एक डॉक्टर २०२० मध्ये कोविडने गेले. सरकारने त्यांची सेवा रीतसर मागवली नव्हती या कारणावरून त्यांच्या पत्नीची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या काळातले आदेश आणि परिस्थिती पाहता डॉक्टरांच्या सेवा मागवल्या गेल्याच होत्या, हे त्या न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये मान्य केले. मात्र अमुक मृत्यू कोविडचे काम करताना झाला हे प्रत्येक प्रकरणात पुराव्याने दाखवावे लागेल, असेही सांगितले. पाच वर्षांनी पुन्हा गाडी येऊन थांबली ती नोंदीपाशीच.

मोजणीतून निसटणाऱ्यांत पहिला क्रम आशांचा. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या या गावातल्याच बाया. त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणतात आणि या एका शब्दामुळे त्या कर्मचारी ठरत नाहीत. पगाराऐवजी त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. २०२० च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून माणसे गावी परतली तेव्हा घरोघर जाऊन नावे लिहिणे, हातावर शिक्के असलेल्यांवर लक्ष ठेवणे, सप्टेंबरमधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ताप आणि ऑक्सिजन तपासणे, पुढे लसीसाठी घाबरलेल्यांची समजूत घालणे, हे सगळे त्यांच्या गळ्यात पडले. कोविडच्या कामासाठी केंद्राने त्यांना दिले ते महिन्याला १,००० रुपये, दिवसाचे तेहतीस. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या तेव्हा कुठे मोबदल्यात थोडी भर पडली. मे २०२२ मध्ये भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य संघटनेचा नेतृत्व सन्मान मिळाला. सन्मान योग्यच होता. पण कोणत्या वस्तीत कोणाच्या घरचे दार उघडत नव्हते, कोणी ताप लपवला आणि का लपवला, एकट्या राहणाऱ्या म्हातारीपर्यंत औषध कसे पोचले, या माहितीची वही आपण त्या आशाताईकडून मागितली का? तिच्या गावाचा असा नकाशा कोणत्याही संगणकात नाही.

न घडलेल्या अनर्थाची नोंद तर मुळीच राहत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि बावीसहून अधिक रुग्ण गेले. ही दुर्घटना देशाच्या लक्षात आहे. त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तोच परभणीच्या जिल्हा रुग्णालयात झाडाची फांदी पडून ऑक्सिजनची वाहिनी फुटली. रात्रीची वेळ होती. तिथल्या लोकांनी तातडीने रुग्णांना सिलिंडरवर घेतले, वाहिनी दुरुस्त केली आणि मोठी हानी टळली. दोन दिवस बातमी आली आणि विरून गेली. खरे तर शिकायचे असेल तर या दुसऱ्या घटनेत जास्त आहे. सिलिंडर हाताशी कसे होते, कोणी कोणाला हाक मारली, कोणत्या खाटेकडे आधी धावले, कोणती गोष्ट थोडक्यात चुकता चुकता राहिली? विमान वाहतुकीत थोडक्यात टळलेल्या अपघाताचीही चौकशी होते, कारण तिथे जीव न गमावता शहाणपण मिळते. आपल्या रुग्णालयांत चौकशी समिती बसते ती माणसे गेल्यावर, आणि तिला शोध असतो तो बहुधा दोषी माणसाचा.

आता आक्षेप पाहू. पहिला नेहमीचा : त्यांनी आपले कर्तव्य केले, त्याचा पगार घेतला, त्यात वेगळे काय? आशांच्या तेहतीस रुपयांचा हिशोब वर आलाच आहे. पण पगार पुरेसा होता असे धरले तरी हा आक्षेप मुद्द्याला भिडत नाही. इथे बक्षिसाची मागणी नाही, माहितीची आहे. धरणावरचा अभियंता पगार घेतो म्हणून पुराच्या रात्रीचा त्याचा अहवाल आपण नको म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : आठवणी फसव्या असतात, माणूस स्वतःला मोठे करून सांगतो, तारखा चुकवतो, दुःखाला रंग चढवतो. हे खरे आहे. म्हणूनच एकाचे ऐकून थांबायचे नसते. एकाच आठवड्याबद्दल परिचारिका, चालक आणि सफाई कामगार काय सांगतात ते शेजारी शेजारी ठेवायचे आणि दाखल रुग्णांच्या नोंदवहीशी, ऑक्सिजनच्या हिशोबाशी ताडून पाहायचे. मराठवाड्याला हे नवे नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा आपला इतिहास सरकारी दप्तरांइतकाच साध्या कार्यकर्त्यांच्या आठवणींवर उभा आहे. शिवाय कागदही निर्दोष नसतो; वहीतला आकडा ज्या हाताने लिहिला तो हात त्या दिवशी किती थकला होता, हे कागद सांगत नाही.

तिसरा आक्षेप गोपनीयतेचा आणि भीतीचा. रुग्णाची कहाणी त्याच्या परवानगीशिवाय उघड करणे गैर आहे आणि छोट्या गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. कर्मचाऱ्यालाही वरिष्ठांची धास्ती असते. कंत्राटावर तीन-तीन महिन्यांनी नेमणूक होणारी परिचारिका तोंड उघडण्याआधी दहादा विचार करील. यावर उपाय आहेत : नावे बदलणे, नोंद काही वर्षे बंद ठेवणे, आणि ही माहिती कोणावर कारवाईसाठी वापरली जाणार नाही असे लेखी आश्वासन देणे. चौथा आक्षेप लोकांच्या मनातला आहे. काही खासगी रुग्णालयांनी भरमसाट बिले लावली, इंजेक्शनांचा काळाबाजार झाला, काही ठिकाणी रुग्णांना नीट वागवले गेले नाही. मग या क्षेत्राचे गुणगान कशाला? हा राग खोटा नाही आणि तो नोंदीत यायलाच हवा. प्रामाणिक साक्ष ती, जिच्यात स्वतःच्या चुकाही येतात. ‘योद्धा’ हा शब्द इथेच आड येतो. योद्ध्याला भीती वाटली, तो चुकला, त्याने कोणाला परत पाठवले, हे सांगायची सोय त्या शब्दात नाही. आणि अखेरचा आक्षेप : जुन्या जखमा कशाला उकरायच्या? ज्याला बोलायचे नाही त्याला बोलते करू नये, हे मान्यच. पण ‘कोणी विचारलेच नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विचारल्याशिवाय त्यांतली कोणती खरी, ते कळत नाही.

विसरण्याची किंमत काय असते, हे आपला इतिहास सांगतो. १८९७ च्या प्लेगमधून साथरोग प्रतिबंधक कायदा जन्मला आणि त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. कायद्याने अधिकाऱ्यांचे अधिकार नोंदवून ठेवले. ते इतके टिकाऊ ठरले की मार्च २०२० मध्ये तोच कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना त्यात स्वतंत्र शिक्षा मात्र आली ती २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने, म्हणजे १२३ वर्षांनी. शिक्षिका सावित्रीबाई आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत; साथीत राबणाऱ्या सावित्रीबाईंपासून आरोग्यव्यवस्थेने काय घेतले, ते शोधावे लागेल. १९१८ च्या फ्लूने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले आणि तरी आपल्या घराघरांत त्याची आठवणसुद्धा उरलेली नाही. याउलट बहात्तरचा दुष्काळ पाहा. लोकांनी तो सांगितला, कार्यकर्त्यांनी मांडला, विधिमंडळात त्यावर वाद झाले आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पुढे देशाने तो धडा गिरवला. सोसलेले बोलले गेले, म्हणून त्याचा कायदा होऊ शकला. कोविडबाबत तसे झालेले नाही, याची खूण शेजारच्या नांदेडने दिली. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण गेले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा आणि अपुरे मनुष्यबळ यांची चर्चा पुन्हा तेवढ्यापुरती झाली. कोविडच्या पाळीत राबलेल्यांना आपण वेळीच विचारले असते, तर कशाकशाची वाण आहे याची यादी त्यांनी दोन वर्षे आधीच हातात ठेवली असती.

मग करायचे काय? त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहायला नको. सेलूत शाळा-महाविद्यालये आहेत, शिक्षक आहेत, बोलणे टिपून घेणारा मोबाइल प्रत्येक खिशात आहे. तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत, उपकेंद्रांत, रुग्णवाहिकांवर आणि स्मशानभूमीत राबलेल्यांची यादी एका महाविद्यालयाच्या वर्गाला वर्षभरात करता येईल. प्रश्न साधे असावेत. सर्वांत जास्त कशाची वाण पडली? कोणती सूचना पाळता आली नाही, आणि का? तुम्ही स्वतःच्या डोक्याने काय केले, जे उपयोगी पडले? कोणती चूक पुन्हा होऊ नये असे वाटते? मिळालेल्या उत्तरांचा सारांश आरोग्य विभागाकडे, पंचायत समितीकडे आणि गावोगावच्या ग्रामसभेत जावा. पूर्ण नोंद गावच्या ग्रंथालयात राहावी. घाई मात्र करायला हवी. त्या काळातले पुष्कळ जण निवृत्त होत आहेत, कंत्राट संपलेले दुसऱ्या गावी गेले आहेत आणि तारखा विसरायला सुरुवात झाली आहे. पुढची साथ दहा वर्षांनी येईल की तीस, हे कोणी सांगू शकत नाही. पण तिच्या पहिल्या रात्री ड्यूटीवर असणारी सिस्टर आज कदाचित सेलूच्याच एखाद्या शाळेत सातवी-आठवीत शिकत असेल. ती कक्षात पाऊल टाकील तेव्हा आधीच्या पाळीने तिच्यासाठी काय सांगून ठेवले आहे, हे तिला कळायला हवे. तो तिचा हक्क आहे, आणि सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत.